विद्युतगतिकी आणि सापेक्षता घरी शिकायला पुस्तकं कुठली? एका गणितवालीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. एम.एस्सी. गणितातच केलं, भौतिकशास्त्र बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सुटलं. मॅक्सवेलची वीज-चुंबकत्वाची समीकरणं (हीच विद्युतगतिकी) आणि आइनस्टाइनची सापेक्षता सिद्धतांसकट वाचायची हे फार दिवस मनात होतं. हाताशी रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा पक्के आहेत, टोपॉलॉजी कामापुरती. वेळ म्हणजे रात्रीची जेवणं आटोपल्यावरचा तास-दीड तास. माझ्यासारखी तयारी असलेल्या आणि घरी बसून हेच करू पाहणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: विद्युतगतिकीला आधी ग्रिफिथ्स, मग जॅक्सन, सापेक्षतेला आधी शुट्झ किंवा कॅरल, मग वाल्ड. हा क्रम भौतिकशास्त्र विभागाच्या सोयीचा आहे. तिथल्या विद्यार्थ्याला विषयाची जाण वर्गात मिळते आणि गणित तो वाटेत उचलतो. मला गणित येतं, पण भौतिकशास्त्राचा लेखक एखादी पायरी का गाळतो ते कळत नाही. त्यामुळे तो क्रम आहे तसा उचलण्यात अर्थ नव्हता.

पुस्तकांची नावं बाजूला ठेवली आणि चार प्रश्न लिहून काढले. प्रत्येक पुस्तकात आधी तेवढीच पानं वाचायची. पहिला: चार्जच्या ढगाच्या आतल्या बिंदूपाशी पोटेन्शियलचा इंटिग्रल अभिसारी का, आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह इंटिग्रलच्या आत नेता येतं का? दुसरा: चुंबकी क्षेत्राला व्हेक्टर पोटेन्शियल असतं (म्हणजे ते दुसऱ्या एका व्हेक्टर क्षेत्राचा कर्ल असतं) हे विधान कुठल्या प्रदेशावर खरं आहे, ते पुस्तक सांगतं का? तिसरा: लोरेंट्झ रूपांतर, म्हणजे एका निरीक्षकाच्या स्थळ-काळाच्या मोजमापांवरून दुसऱ्याची काढायचा नियम, रेषीय कशावरून? चौथा: बिंदूएवढ्या चार्जची स्वतःची ऊर्जा अनंत येते, त्याचं पुस्तक काय करतं?

प्रत्येक ठिकाणी पूर्ण सिद्धता हवी असा हट्ट नाही. सिद्धता गाळली असेल तर 'इथे गाळली आहे' एवढं पुस्तकाने सांगावं, ही माझी किमान अट.

१६ जून

पहिला प्रश्न आधी स्वतः सोडवला, म्हणजे पुस्तकात काय शोधायचं ते नेमकं कळेल.

बिंदूभोवती एप्सिलॉन त्रिज्येचा गोळा कापून काढायचा आणि कापलेल्या भागाचं योगदान किती ते बघायचं. पोटेन्शियलमध्ये एक छेद आर आहे, घनफळातून आर वर्ग येतो, उरतो आर. त्याचा शून्यापासून एप्सिलॉनपर्यंतचा इंटिग्रल एप्सिलॉन वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे शून्याकडे जातो. क्षेत्रासाठी एक छेद आर वर्ग, तिथे आर वर्ग कटतो आणि योगदान एप्सिलॉनच्या प्रमाणात राहतं, तेही शून्याकडे. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला मात्र एक छेद आर घन येतो, उरतो एक छेद आर, आणि लॉगरिथम अनंताकडे निघतो. पॉइसॉनच्या समीकरणात नेमकी हीच दुसरी डेरिव्हेटिव्ह लागतात.

सुटका होते ती दिशेमुळे. एक छेद आरच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची गोलाच्या पृष्ठभागावरची सरासरी शून्य आहे, त्यामुळे मध्यबिंदूपाशी असलेली चार्ज घनता वजा केली तर काही बिघडत नाही. उरलेला फरक आरच्या एखाद्या धन घाताइतका लहान असला की इंटिग्रल अभिसारी होतो. ही होल्डरची अट. चार्ज घनता नुसती सतत असणं पुरत नाही. केलॉगच्या १९२९ सालच्या पोटेन्शियल सिद्धांताच्या पुस्तकात हे सगळं नीट मांडलेलं आहे आणि या एका प्रश्नापुरतं ते आजही सर्वांत चांगलं आहे.

आता ग्रिफिथ्स. तो डिरॅक डेल्टा वापरून दोन पानांत मोकळा होतो. पण डेल्टा हे खरं तर फंक्शन नव्हे, गणितात त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, असं स्पष्ट लिहितो. माझी किमान अट तो पाळतो. हे अपेक्षित नव्हतं.

३० जून

जॅक्सन. ग्रंथालयातून तिसरी आवृत्ती आणली, आठशे पानांची. हे पुस्तक 'कठीण' म्हणून प्रसिद्ध आहे आणि बरेच जण कठीण म्हणजेच गणिती काटेकोर असं धरून चालतात. दोन्ही वेगळं आहे. जॅक्सनचा कठीणपणा सीमा-मूल्य प्रश्नांत आहे: लजांद्र बहुपदी, बेसेल फंक्शन, ग्रीन फंक्शन, आणि उदाहरणं सोडवताना लागणारा दम. कुठलं गृहीत कुठे वापरलं याचा हिशेब तो फारसा ठेवत नाही.

पहिल्या प्रश्नावर मात्र तो ग्रिफिथ्सच्या पुढे आहे. आरच्या जागी आर वर्ग अधिक ए वर्गाचं वर्गमूळ घेतो, म्हणजे मधला काटाच बोथट करतो, घनतेचा टेलर विस्तार करतो आणि शेवटी ए शून्याकडे नेतो. घनता पुरेशी गुळगुळीत आहे असं धरलं तर ही खरीखुरी सिद्धता आहे. दोन संध्याकाळी बसून मधल्या सगळ्या असमानता भरून काढल्या. पुस्तकाच्या समासात पेन्सिल चालवता येत नव्हती, म्हणून वही केली. ही वही पुढे फार उपयोगी पडली.

एककांची अडचण इथेच पहिल्यांदा समोर आली. जॅक्सनच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिली दहा प्रकरणं एसआय एककांत आहेत आणि अकराव्यापासून, म्हणजे सापेक्षता सुरू होते तिथपासून, गाउसियन. मधूनच उघडून एखादं सूत्र उचललं तर चार पाय (४π), एप्सिलॉन शून्य आणि प्रकाशाचा वेग यांचा मेळ बसत नाही. सूत्र उचलायचं तर आधी प्रकरणाचा क्रमांक बघायचा.

निर्णय: जॅक्सन विकत घ्यायचा नाही. संदर्भाला ग्रंथालयातला पुरेल.

१४ जुलै

खरेदी. पुण्याला एका लग्नाला गेले होते, तेव्हा अप्पा बळवंत चौकात ग्रिफिथ्सची १९९९ची तिसरी आवृत्ती जुन्यात ४०० रुपयांना मिळाली. नव्या आवृत्तीची गरज नाही. या विषयाचा गाभा बदललेला नाही.

वाईट खरेदीही झाली. टेन्सरवरचं एक पुस्तक ऑनलाइन स्वस्त दिसलं, ६५० रुपये, म्हणून मागवलं. आलं ते फोटोवरून पुन्हा छापलेलं. अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं पुसट, खालचे निर्देशांक एकमेकांत मिसळलेले. या विषयात एक निर्देशांक वाचता आला नाही तर अख्खं समीकरण गेलं. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. ६५० रुपये आणि त्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ, दोन्ही बुडालं. या जातीचं पुस्तक घेण्यापूर्वी आतल्या एका पानाचा फोटो मागवा, आणि तोही निर्देशांकांनी भरलेल्या पानाचा. ग्रिफिथ्सच्या झेरॉक्सलाही हेच लागू आहे: तो दोन बिंदूंमधल्या अंतरासाठी वळणदार आर वापरतो आणि मूळ बिंदूपासूनच्या अंतरासाठी साधा आर. खराब छपाईत दोन्ही सारखेच दिसतात आणि पाचव्या प्रकरणातलं एकही सूत्र खात्रीने वाचता येत नाही.

४ ऑगस्ट

दुसरा प्रश्न, व्हेक्टर पोटेन्शियलचा.

उदाहरण साधं आहे. अनंत लांबीची सोलेनॉइड, म्हणजे वीज वाहणाऱ्या तारेची नळीसारखी गुंडाळी, घ्या. बाहेर चुंबकी क्षेत्र शून्य. बाहेरच्या प्रदेशात व्हेक्टर पोटेन्शियलचा कर्ल शून्य आहे, तरी ते कुठल्याही स्केलरचं ग्रेडियंट नाही, कारण सोलेनॉइडभोवती फेरी मारली की रेषा-इंटिग्रल आतल्या फ्लक्सएवढा येतो. प्रदेशाला भोक आहे म्हणून हे घडतं. आहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ साली दाखवलं की क्वांटम यांत्रिकीत याचे परिणाम मोजता येण्याजोगे असतात. 'कर्ल शून्य म्हणून ग्रेडियंट' हे वाक्य ज्या पुस्तकात प्रदेशाचा उल्लेख न करता येतं ते माझ्या यादीतून खाली जातं. आणि भौतिकशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत ते तसंच येतं.

म्हणजे डिफरन्शियल फॉर्म लागणार, ज्यांचा रेषेवर, पृष्ठभागावर इंटिग्रल घेता येतो अशा राशी. लोरिंग टू यांचं मॅनिफोल्डवरचं (वक्र अवकाशांवरचं) पुस्तक धरलं, दुसरी आवृत्ती, २०११ची. हे पुस्तक मनापासून सांगते, घ्या. युक्लिडीय अवकाशात फॉर्म आधी शिकवतात, मग मॅनिफोल्डवर नेतात, शेवटी डी राम कोहोमॉलॉजीपर्यंत, म्हणजे फॉर्म वापरून प्रदेशाची भोकं ओळखण्यापर्यंत, पोचवतात. निवडक उदाहरणांची उत्तरं मागे आहेत. घरी एकटीने शिकणारीला मागची उत्तरं म्हणजे शिक्षकच.

पण एक खड्डा आहे. टूच्या पुस्तकात मेट्रिक (अंतर मोजायचा नियम) नाही, त्यामुळे हॉज स्टारही (मेट्रिक वापरून एका फॉर्मचा जोडीदार फॉर्म देणारी क्रिया) नाही. मॅक्सवेलची दोन समीकरणं, म्हणजे डी एफ बरोबर शून्य (एफ हा विद्युतचुंबकी क्षेत्राचा फॉर्म), मेट्रिकशिवाय लिहिता येतात. चार्ज आणि प्रवाह असलेली उरलेली दोन लिहायला स्टार लागतोच. टू संपवून थेट विद्युतगतिकीकडे वळले तर निम्मा मॅक्सवेल हातात होता. हा खड्डा जॉन बाएझ आणि हाव्हियर मुनियाइन यांच्या १९९४ सालच्या पुस्तकाच्या पहिल्या भागाने भरला. त्यात मॅक्सवेलपासूनच सुरुवात करून फॉर्म, मेट्रिक आणि स्टार क्रमाने आणलेले आहेत. भाषा गप्पांच्या अंगाने जाते, पण विधानं नेमकी आहेत. माझा सल्ला: टूची फॉर्मवरची प्रकरणं झाली की लगेच बाएझ-मुनियाइन उघडा. टू पूर्ण होईपर्यंत थांबू नका. थांबल्यामुळे माझा जवळजवळ महिना लांबला.

१ सप्टेंबर

लांडाउ आणि लिफशिट्झ, त्यांच्या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या मालेचा दुसरा खंड. पहिल्या काही पानांत सापेक्षतेपासून सुरुवात, मग क्रियेच्या तत्त्वातून (क्रिया नावाच्या एका इंटिग्रलला स्थिर किंमत देणारीच गती खरी, या तत्त्वातून) चार्ज आणि क्षेत्र. वाचताना आनंद होतो. एवढ्या कमी शब्दांत एवढं सांगणारं दुसरं पुस्तक मी पाहिलेलं नाही. पण तिसऱ्या प्रश्नावर ते अडतं.

लांडाउचं म्हणणं असं: एका चौकटीत (एका निरीक्षकाच्या निर्देशकांत) अंतराल, म्हणजे दोन घटनांमधलं अवकाश-काळातलं अंतर, शून्य असेल तर दुसऱ्या चौकटीतही तो शून्य असतो, कारण प्रकाशाचा वेग तोच. दोन्ही समान क्रमाच्या सूक्ष्म राशी, म्हणून एक दुसऱ्याच्या पटीत. हे 'म्हणून' गणितवाल्याला पचत नाही. दोन फंक्शनं एकाच ठिकाणी शून्य झाली म्हणून ती एकमेकांच्या पटीत असतात असं मुळीच नाही.

रूपांतर रेषीय आहे असं धरलं तर खरी सिद्धता तीन ओळींची आहे, आणि पुस्तकात ती असायला हवी होती. दुसऱ्या चौकटीतला अंतराल हे पहिल्या चौकटीच्या निर्देशकांतलं एक वर्गरूप झालं. ते प्रकाशशंकूवर, म्हणजे मूळ अंतराल शून्य असतो तिथे, शून्य आहे. काळ एक आणि अवकाशात एकक व्हेक्टर एन घ्या, तिथे ते शून्य. मग उणे एन घ्या, तिथेही शून्य. दोन्हींची वजाबाकी केली की काळ आणि अवकाश यांची मिश्र पदं प्रत्येक एनसाठी शून्य, म्हणजे ती नाहीतच. बेरीज केली की अवकाशाच्या भागाची किंमत प्रत्येक एकक व्हेक्टरवर सारखीच आणि काळाच्या सहगुणकाच्या उणे. म्हणून अख्खं वर्गरूप मूळ अंतरालाच्या पटीत. झालं. ती पट म्हणजे १ हा आकडा आहे हे दाखवायला लांडाउ तीन चौकटींचा युक्तिवाद करतो आणि तो ठीक आहे.

हे मी अकरावीच्या वर्गाला वर्गरूपं शिकवताना फळ्यावर करू शकते, इतकं सोपं आहे. म्हणून लांडाउ यादीतून काढला नाही. वहीत अशा भरून काढलेल्या जागांचं एक सदरच केलं.

२२ सप्टेंबर

रेषीयता धरायची तरी का? याचं समाधान ग्रेगरी नेबरच्या पुस्तकात मिळालं. मिन्कोव्स्कीच्या अवकाश-काळाच्या भूमितीवरचं हे पुस्तक १९९२ साली आलं. व्याख्या, प्रमेय, सिद्धता, याच चालीने विशेष सापेक्षता. त्यात झीमनचं १९६४चं प्रमेय सिद्धतेसह आहे: कुठली घटना कुठल्या घटनेवर परिणाम करू शकते हा क्रम दोन्ही दिशांनी जपणारं कुठलंही एकास एक आणि आच्छादक रूपांतर हे लोरेंट्झ रूपांतर, स्थानांतर आणि मापबदल यांतूनच बनलेलं असतं. रेषीयता धरावी तर लागत नाहीच, सततपणासुद्धा धरावा लागत नाही. कार्यकारणाच्या क्रमातून दोन्ही आपोआप निघतात. हे वाचलं त्या रात्री झोप आली नाही. अकरा वाजता पुन्हा उठून सिद्धता पहिल्यापासून लिहून काढली.

दुसरं प्रकरण विद्युतचुंबकी क्षेत्राचं. नेबर क्षेत्राला चार मितींतलं विषम-सममित रेषीय रूपांतर मानतो आणि त्याची प्रमाणरूपं काढतो, अगदी मॅट्रिक्सची काढतो तशी. ई आणि बी यांचा डॉट गुणाकार आणि दोघांच्या वर्गांमधला फरक, या दोन राशी कुठल्याही चौकटीत त्याच राहतात. दोन्ही शून्य असतील तर क्षेत्र वेगळ्याच जातीचं, प्रकाशाच्या लहरीचं असतं. ग्रिफिथ्समध्ये याच दोन राशी एका उदाहरणात येऊन जातात. नेबरमध्ये त्या का आहेत ते समजतं.

या पुस्तकात व्होल्ट नाही आणि अँपियरही नाही. (नंतरची भर: त्याचा परिणाम दिवाळीत कळला, तो पुढे लिहिला आहे.)

१३ ऑक्टोबर

खुणांचा तक्ता केला. हा सुरुवातीलाच करायला हवा, म्हणून ठळक सांगते.

ग्रिफिथ्स, वाल्ड आणि बाएझ-मुनियाइन यांच्याकडे मेट्रिकमध्ये काळ उणे आणि अवकाश अधिक. लांडाउ आणि जॅक्सन यांच्याकडे काळ अधिक, अवकाश उणे. नेबरकडे काळ उणे, पण तो चौथ्या जागी, शेवटी. त्यामुळे क्षेत्राच्या टेन्सरची खालच्या निर्देशांकांची पहिली ओळ लांडाउत अधिक ई असते, ग्रिफिथ्सच्या खुणांनी काढली तर उणे ई, आणि नेबरमध्ये ती ओळ पहिली नसतेच. ओ'नीलच्या भूमितीच्या पुस्तकात वक्रता टेन्सरची व्याख्याच इतरांच्या उलट चिन्हाची आहे. शेवटी गोलाची वक्रता धनच येते, पण मधली सूत्रं जशीच्या तशी उचलता येत नाहीत.

एका पुठ्ठ्यावर प्रत्येक पुस्तकाची एक ओळ लिहिली: मेट्रिकची चिन्हं, काळाचा निर्देशांक, खालच्या निर्देशांकांत ई कुठल्या चिन्हाने येतो, वक्रतेचं चिन्ह, एककं. पुठ्ठा टेबलाच्या कडेला उभा असतो. तो केल्यापासून चिन्ह चुकलं म्हणून वाया जाणाऱ्या संध्याकाळी थांबल्या.

४ नोव्हेंबर

दिवाळीला धाकटे दीर आले होते. ते विद्युत अभियंता. माझी वही चाळून म्हणाले, "वहिनी, हे सगळं छान आहे. पण आपल्या डिश टीव्हीच्या केबलवर ७५ ओहम छापलेलं असतं, ते यातून काढून दाखवा की."

नेबर आणि टू या दोघांतून ते निघेना. ग्रिफिथ्स उघडला. मधे तार, भोवती नळी, मधे हवा धरली. दर मीटरला इंडक्टन्स म्हणजे म्यू शून्य छेद दोन पाय, गुणिले त्रिज्यांच्या गुणोत्तराचा लॉग. कपॅसिटन्स म्हणजे दोन पाय एप्सिलॉन शून्य, भागिले तोच लॉग. गुणोत्तर ३.५ घेतलं: इंडक्टन्स मीटरला ०.२५ मायक्रोहेन्री, कपॅसिटन्स सुमारे ४४ पिकोफॅरड. इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ ७५ ओहम, केबलवर छापलेला आकडा तोच.

मला जास्त आवडलं ते गुणाकाराचं. इंडक्टन्स गुणिले कपॅसिटन्स केलं की लॉग कटतो, त्रिज्या नाहीशा होतात आणि एक छेद प्रकाशाच्या वेगाचा वर्ग उरतो. तार जाड असो की बारीक, संदेश त्याच वेगाने जातो. भाऊजी म्हणाले, "आणि मधे घट्ट पॉलिथिलीन भरलं की वेग दोन तृतीयांश होतो, हे आम्ही रोज वापरतो." त्यासाठी गुणोत्तरही बदलावं लागतं, तेही त्यांनीच करून दाखवलं.

त्या संध्याकाळनंतर योजनेत बदल केला. ग्रिफिथ्स हे 'सोपं म्हणून आधी उरकायचं' पुस्तक म्हणून ठेवलं नाही. नेबर आणि बाएझ यांच्या शेजारी ते उघडं असतं आणि प्रत्येक प्रकरणानंतर त्यातली आकडे असलेली निदान दोन उदाहरणं सोडवायची. आकडा आला नाही तर प्रमेय समजलेलं नाही असं धरायचं.

८ डिसेंबर

सामान्य सापेक्षता. वाल्डचं १९८४चं पुस्तक थेट उघडलं होतं, ते चाललं नाही. दुसऱ्या प्रकरणात मॅनिफोल्ड आणि टेन्सर अगदी थोड्या पानांत येतात, टोपॉलॉजी मागच्या परिशिष्टात. व्याख्या अचूक आहेत, पण त्या पहिल्यांदा शिकणाऱ्यासाठी नव्हेत. अमूर्त निर्देशांकांची त्याची पद्धत एकदा अंगवळणी पडली की फार सोयीची आहे. ती पडायला मात्र आधी निर्देशांकांशिवाय भूमिती यायला हवी.

त्यासाठी बॅरेट ओ'नील, सेमी-रीमानियन भूमिती, १९८३. नवीन प्रत माझ्या आवाक्याबाहेरची. न्यू जर्सीला असलेल्या भाच्याने तिथल्या जुन्या पुस्तकांतून ग्रंथालयाने काढून टाकलेली प्रत मिळवली आणि येताना आणली; मला ती साधारण २,९०० रुपयांना पडली. पहिली बरीचशी प्रकरणं शुद्ध भूमितीची, सहावं विशेष सापेक्षतेचं, बारावं विश्वरचनेचं, तेरावं श्वार्झशिल्डचं (एकट्या गोल ताऱ्याभोवतीच्या अवकाश-काळाचं) आणि चौदावं कार्यकारणाचं, ज्यात पेनरोझ आणि हॉकिंग यांची सिंग्युलॅरिटी प्रमेयं (अवकाश-काळातल्या काही वाटा मधेच तुटतात असं सांगणारी) पूर्ण सिद्ध केलेली आहेत. त्या प्रमेयांच्या मुळाशी असलेलं समीकरण कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींनी १९५५ साली प्रसिद्ध केलं होतं.

आपल्याकडे सापेक्षता बराच काळ गणित विभागांतच वाढली, हे इथे आवर्जून लिहिते. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे काम करताना प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश टाकणाऱ्या ताऱ्याचं मेट्रिक दिलं, ते आज जगभर वैद्य मेट्रिक म्हणून ओळखलं जातं. गणिताच्या वाटेने या विषयात शिरणं ही आपल्याकडची जुनी वाट आहे, आणि मला त्याचा मोठा आधार वाटला.

ओ'नीलमध्ये विद्युतचुंबकी क्षेत्र जवळजवळ नाही. गणितज्ञांसाठीच लिहिलेलं साक्स आणि वू यांचं १९७७चं पुस्तक पाहिलं, त्यात ते आहे, पण व्याख्यांचा डोंगर चढल्याशिवाय पहिलं उदाहरण दिसत नाही. ते सोडलं. ओ'नीलचं तिसरं प्रकरण झाल्यावर वाल्ड पुन्हा उघडला, तेव्हा तेच दुसरं प्रकरण आठवड्याभरात वाचून झालं.

पद्मनाभन यांचं गुरुत्वाकर्षणावरचं २०१०चं जाडजूड पुस्तकही ग्रंथालयात चाळलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली. माझ्या प्रश्नांच्या दृष्टीने ते काटेकोर गणिताचं पुस्तक नाही, पण त्यातली उदाहरणं इतकी चांगली आहेत की सामान्य सापेक्षतेत ग्रिफिथ्सची जागा मी त्यांना दिली.

१२ जानेवारी २०२५

चौथा प्रश्न शेवटपर्यंत राहिला होता. बिंदू चार्जच्या क्षेत्राची ऊर्जा म्हणजे एक छेद आरच्या चौथ्या घाताचा इंटिग्रल. घनफळाचा आर वर्ग धरला तरी एक छेद एप्सिलॉन येतो, म्हणजे अनंत. त्यातूनच प्रारणाची प्रतिक्रिया (चार्जने सोडलेल्या लहरींमुळे त्याच्यावरच उलटणारं बल), आणि अब्राहम-लोरेंट्झ समीकरणाची ती विचित्र उत्तरं, ज्यांत चार्ज कुणी न ढकलता आपोआप वेग घेत सुटतो.

ग्रिफिथ्स अकराव्या प्रकरणात अडचण लपवत नाही, पण सोडवतही नाही. जॅक्सन सोळाव्यात सविस्तर बोलतो. समाधान मिळालं ते वाल्डच्याच विद्युतचुंबकत्वावरच्या २०२२च्या पुस्तकात. शेवटचं प्रकरण याच विषयाचं. ग्राला, हार्ट आणि वाल्ड यांनी २००९ साली दिलेली कल्पना अशी: बिंदू चार्ज मूळ वस्तू म्हणून घ्यायचाच नाही. आकार असलेल्या पिंडांचं एक कुटुंब घ्यायचं, ज्यात आकार, चार्ज आणि वस्तुमान एकत्र, एकाच प्रमाणात शून्याकडे जातात. मर्यादेत पहिल्या पायरीला लोरेंट्झ बल निघतं आणि स्वतःच्या क्षेत्राचं बल पुढच्या पायरीला दुरुस्ती म्हणून येतं. पळत सुटणारी उत्तरं मग खरी उत्तरं उरत नाहीत, कारण ते समीकरण फक्त लहान दुरुस्ती म्हणूनच वैध असतं.

पहिल्या नोंदीत लिहिलेली अट इथे पूर्णपणे पाळली जाते: काय धरलं, मर्यादा कशाची घेतली आणि कुठवर विश्वास ठेवायचा, सगळं लिहिलेलं आहे. पुस्तक छोटं आहे, पण सुरुवातीला घेतलं असतं तर हाती फार थोडं लागलं असतं. ते वाचायला मागची सगळी तयारी लागते.

२ फेब्रुवारी

निवड पूर्ण झाली. माझ्यासारख्या तयारीच्या माणसाला मी सुचवेन तो क्रम असा. टूची फॉर्मपर्यंतची प्रकरणं, आणि त्याच वेळी ग्रिफिथ्सची पहिली सात. मग बाएझ-मुनियाइनचा पहिला भाग. मग नेबरची पहिली दोन प्रकरणं, शेजारी लांडाउचा सुरुवातीचा भाग क्रियेच्या तत्त्वासाठी. त्यानंतर ओ'नील, तिसऱ्या प्रकरणापासून वाल्डचं १९८४चं पुस्तक जोडीला. सर्वांत शेवटी वाल्डचं विद्युतचुंबकत्व. जॅक्सन, केलॉग आणि पद्मनाभन ग्रंथालयात, लागेल तेव्हा.

खर्च: ग्रिफिथ्स ४००, ओ'नील २,९००, टू आणि नेबर मिळून ७,२००, वाल्डची दोन्ही पुस्तकं ८,६००, वाया गेलेलं पुस्तक ६५०. एकूण १९,७५०. लांडाउ आणि बाएझ-मुनियाइन ग्रंथालयाची. पैसे कमी असतील तर आधी ग्रिफिथ्स आणि टू घ्या. या दोघांवर निदान अर्धं वर्ष निघतं.

मी स्वतः सध्या ओ'नीलच्या सातव्या प्रकरणात आहे. श्वार्झशिल्डचं तेरावं प्रकरण या सातव्यावर उभं आहे, म्हणून घाई करत नाही. भाऊजींनी पुढचं काम देऊन ठेवलंय: उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला किती मायक्रोसेकंद पुढे जातं ते काढायचं. ते तेराव्यानंतर.